अन्नपूर्णा सर्किट: वाटेत जमलेली टोळी, आणि खाली उतरायचं कुणी?

अनवट

गेल्या ऑक्टोबरात नेपाळातलं अन्नपूर्णा सर्किट केलं, म्हणजे अन्नपूर्णा पर्वतरांगेला वळसा घालणारा ट्रेक. दिवसवार वर्णन लिहीत नाही, तशी ढिगाने सापडतील. मला एकाच गोष्टीवर तुमची मतं हवी आहेत, पण त्यासाठी थोडी पार्श्वभूमी द्यावी लागेल. लांबलंय, चहा घेऊन बसा.

घरून आम्ही दोघीच निघालो होतो, मी आणि माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. दोघींनी पन्नाशी ओलांडली आहे. बेसीसहरला एक गाईड-कम-पोर्टर घेतला, लमजुंगचाच गुरुंग मुलगा, आम्ही त्याला 'भाइ' म्हणायचो. तिथून चामेपर्यंत जीप. दसैं (तिथला दसरा) नुकता संपला होता. नेपाळात तो आपल्या कोजागिरीपर्यंत चालतो, त्यामुळे ड्रायव्हरच्या कपाळावर दही-तांदळाचा लाल टिका होता आणि प्रत्येक खड्ड्याला त्याचा एक-एक दाणा मांडीवर पडत होता. खड्डे पुष्कळ होते. चामेला पोचेपर्यंत कपाळ स्वच्छ.

मागच्या बाकावर माकडटोपी घातलेले एक बंगाली गृहस्थ होते. टपाल खात्यातून निवृत्त, हुगळी जिल्ह्यातले, एकटेच. हातात लांब दांड्याची काळी छत्री, तीच काठी. यांना पुढे सगळे 'दादा'च म्हणायला लागले. त्यांच्या शेजारी हुबळीचा एक तरुण, बंगळुरात सॉफ्टवेअरमध्ये. त्याला मोडकंतोडकं मराठी यायचं आणि ते तो आमच्यावर हौसेने वापरायचा. अप्पर पिसांगच्या लॉजमध्ये एक पोलिश जोडपं भेटलं. शेगडीभोवती सगळ्यांचे मोजे वाळत घातलेले, कुणाचा कुठला ते सकाळी ओळखावं लागलं, तेवढ्यात ओळखी झाल्या.

टोळी कुणी जमवली नाही. दुसऱ्या दिवशी ग्यारूचा चढ आहे. गावापलीकडे जरा उतरायचं, मग पूल, आणि पुढे सरळ अंगावर येणारी नागमोडी वाट. वर अन्नपूर्णा-२ (७,९३७ मी.) इतकी समोर की मान वळवली तरी तीच. त्या चढावर प्रत्येक वळणाला कुणीतरी बसलेलं असायचं. आपण पोचलो की ते उठायचं, आपण बसायचं. असं करत वर पोचलो तेव्हा सगळे एकाच चहाच्या टपरीत. तिथपासून जेवणाला एकमेकांसाठी जागा धरायला लागलो.

मनांगला (३,५४० मी.) सगळेच उंचीची सवय व्हायला थांबतात. तिथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं आरोग्यकेंद्र आहे. हंगामात दुपारी तिथले डॉक्टर विरळ हवेच्या आजारावर बोलतात. आम्ही सगळे गेलो. दादांनी वहीत टिपणं घेतली, प्रश्न विचारून डॉक्टरांना दमवलं. रात्री डालभाताचा दुसरा वाढा चालू असताना त्यांनी वही उघडली आणि विचारलं, "अच्छा, हममें से कोई बीमार पड़ा तो नीचे कौन जाएगा?"

सगळे हसले. ते हसले नाहीत. आजारी माणसाला एकटं खाली पाठवायचं नाही, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं. म्हणजे आधी ठरलेलं बरं. त्यांनी वहीत जोड्या लिहिल्या. आम्ही दोघी, पोलिश नवरा-बायको, आणि उरलेले ते आणि हुबळीकर. ज्याच्या जोडीदाराला त्रास होईल त्याने उतरायचं, बाकीच्यांनी थांबायचं नाही. भाइ आमचा, पण गरज पडली तर कुणाचाही. सगळ्यांनी मान डोलावली.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. याक खर्कापासून (४,०५० च्या आसपास) हुबळीचा मुलगा गप्प होता. एरवी तो सगळ्यात पुढे. खिंडीच्या पायथ्याशी, थोरोंग फेदीला, संध्याकाळी त्याने लसणीचं सूप नुसतं ढवळलं. रात्री एकच्या सुमारास ओकाऱ्या. मैत्रिणीने त्याला जेवणघरातल्या फळीच्या सांध्यावरून चालायला लावलं, पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या अंगठ्याला लावत. चौथ्या पावलाला तो बाजूला कलला, भिंत धरली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तेव्हा तो म्हणाला की डोकं मनांगलाच दुखायला लागलं होतं, वेदनाशामक गोळ्या घेत होतो.

दादा तोवर बूट बांधत होते. लॉजवाल्याने घोडा आणि घोडेवाला उठवला. दोनच्या आसपास मुलगा घोड्यावर, घोडेवाला पुढे, दादा मागे छत्री टेकत, असे ते खाली गेले. आम्ही आणि पोलिश जोडपं ठरल्या वेळी चारला वर निघालो. थोरोंग ला ही खिंड (५,४१६ मी.) पार केली, पलीकडे सोळाशे मीटर उतरून गुडघ्यांचं भरीत करून मुक्तिनाथला आलो. तिथे बसने आलेले आपलेच मराठी यात्रेकरू भेटले. एका आजींनी विचारलं, कुठून आलात. मी मागच्या खिंडीकडे बोट दाखवलं. आजी कळवळून म्हणाल्या, "अगंबाई, गाडी बंद पडली का गं तुमची?"

काग्बेनीला नेटवर्क आलं तेव्हा दादांचा निरोप होता. मुलगा मनांगच्या केंद्रात ठणठणीत होतोय. दादा त्याच्यासोबत बेसीसहरपर्यंत जीपने गेले, त्याला बसमध्ये बसवलं, मग स्वतः घरी. खिंड त्यांनी बघितलीच नाही.

माझं म्हणणं असं की दादांची पद्धत बरोबर होती आणि वाटेत जमलेल्या प्रत्येक टोळीने चार हजारांच्या वर जाण्याआधी हे बोलून घ्यावं. पण घरी आल्यापासून ज्यांना-ज्यांना सांगितलं त्यातले निम्मे म्हणतात, 'आणि तुम्ही वर गेलात?' म्हणून हा धागा.

रानभूल

गाडी बंद पडली का :) :) ऑफिसात जोरात हसले, शेजारचा बघतोय.

सविस्तर नंतर लिहिते. तोवर दादांच्या छत्रीचा फोटो असेल तर टाका.

कातळकडा

लेखन छान आहे, पण विचारलंत म्हणून सांगतो. सगळ्यांनी उतरायला हवं होतं.

मी सह्याद्रीत वाढलेला माणूस. आमच्याकडे वाट माहीत असलेला पुढे, दमदार माणूस शेवटाला, आणि मधल्यांची मोजणी दर थांब्याला. रतनगड-हरिश्चंद्रगड करताना कात्राबाईच्या खिंडीत एकाचा घोटा गेला. सगळे मिळून त्याला कुमशेतला घेऊन आलो, गाडीची सोय केली, आणि सगळेच परतलो. पाचनईत आमच्या जेवणाचं सांगून ठेवलं होतं, ते वाया गेलं. कुणी एका शब्दाने कुरकुर केली नाही. एकदा एका ताटात जेवलात की सोबत. निवृत्त माणसाने मध्यरात्री उतरायचं आणि तुम्ही खिंडीत पताकांसमोर फोटो काढायचे, हे मला पटत नाही. राग नसावा.

अनवट

@कातळकडा, राग कसला. फोटो काढले हे खरं आहे, बोटं काम करत नव्हती म्हणून सगळे तिरके आले आहेत.

पण कुमशेतच्या खालचा प्रश्न आणि फेदीच्या वरचा प्रश्न एक नाही. घोटा मुरगळलेल्या माणसाला उचलायला हात लागतात, जितके जास्त तितकं बरं. तिथे मुलगा घोड्यावर होता, वाट अरुंद, फेदीच्या खाली दरड कोसळणारा एक लांब पट्टा आहे. तिथे थांबायचं नाही, दोघांत अंतर ठेवून पटापट पार व्हायचं असतं. आम्ही चौघे आणखी गेलो असतो तर त्या पट्ट्यात चार डोकी वाढली असती, इतकंच. भाइला मी दादांसोबत जायला सांगितलं होतं. दादांनी परत पाठवलं, "घोडावाला है, तुम ऊपर वालों को देखो." आणि वर खरोखरच त्याची गरज लागली, मैत्रिणीची सॅक शेवटच्या टप्प्यात त्यानेच घेतली.

छत्रीचा फोटो घरच्या संगणकावर आहे, टाकते.

हाडाचा_वैद्य

अनवट, तुमच्या मैत्रिणीचं कौतुक. फळीच्या सांध्यावरून चालायला लावणं ही त्या रात्रीची सर्वांत महत्त्वाची गोष्ट होती. का ते सांगतो, कारण इथे हिवाळ्यात ट्रेकचे धागे वाढतील.

नुसतं डोकं दुखणं, मळमळ, भूक न लागणं, झोप न येणं हा विरळ हवेचा साधा आजार. यात नियम असा की त्रास थांबेपर्यंत आणखी वर झोपायला जायचं नाही. बहुतेकांना त्याच उंचीवर एक-दोन दिवसांत बरं वाटतं. वाढत असेल तर उतरायचं. पण तोल गेला, बोलणं अडखळलं, माणूस भलतंच वागायला लागला की मेंदूला सूज येत आहे असं धरायचं. तिथे सकाळची वाट बघायची नाही. दुसरा धोका फुप्फुसात पाणी होण्याचा. स्वस्थ बसल्यावरही धाप, खोकला, ओठ-नखं निळसर. हा डोकेदुखीशिवायही येऊ शकतो, म्हणून लोक फसतात. दोन्हींवर खरा उपाय एकच, खाली जाणं. मेंदूच्या सुजेवर डेक्सामेथासोन, दोन्हींत ऑक्सिजन, फुगवायची दाबपिशवी, हे सगळं उतरेपर्यंत वेळ मिळवून देतं.

तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशेहून जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी. मनांगला दोन रात्री त्यासाठीच. दिवसा वर चढून पुन्हा खाली झोपायला आलात तर उत्तम. मनांगमधून आइस लेककडे किंवा गंगापूर्णाच्या समोरच्या टेकाडावर लोक जातात ते दृश्यासाठी नाही फक्त.

डायमॉक्स म्हणजे ॲसिटाझोलामाइड. विरळ हवेच्या आजाराच्या प्रतिबंधासाठी साधारण १२५ मिग्रॅ दिवसातून दोनदा देतात, पण सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. धाग्यावर वाचून घेऊ नका, माझा असला तरी. लघवीला जास्त होते, बोटांना मुंग्या येतात, त्याला घाबरू नका. ते दुखणं झाकत नाही, उंचीशी जुळवून घ्यायला मदत करतं. वेदनाशामक मात्र डोकेदुखी झाकतं. एखादी गोळी घ्यायला हरकत नाही, पण ती घेतली आहे हे सोबतच्यांना ठाऊक असलं पाहिजे.

आणि तरुण, तंदुरुस्त, सगळ्यात पुढे चालणाऱ्याला हा त्रास होत नाही, हे डोक्यातून काढा. फिटनेसचा यात संरक्षण म्हणून काही उपयोग नाही. उलट पुढे पळणारेच लवकर वर पोचतात.

पोष्टमन

मी वेगळा मुद्दा मांडतो. मला वाटतं जोड्या पाडल्या म्हणूनच तो मुलगा गप्प राहिला.

बघा ना. मनांगला डोकं दुखतंय. त्याच टेबलावर ठरलंय की मी पडलो तर हे साठीचे काका माझ्यामुळे परत जाणार. ते किती वर्षं पैसे साठवून आलेत हे त्याला जीपमध्येच कळलं असणार, बंगाली माणूस ते सांगितल्याशिवाय राहत नाही (माझी सासुरवाडी बर्दवान, अनुभव आहे). अशा वेळी कुठला पोरगा तोंड उघडेल? करार नसता तर 'मला बरं नाही, मी एक दिवस इथेच थांबतो, तुम्ही व्हा पुढे' इतकं म्हणून सुटला असता.

रानभूल

अरेच्चा, हा मुद्दा बिनतोड आहे.

अनवट

@पोष्टमन, हे तुम्ही नेमकं पकडलंत. मुलाने मला नंतर फोनवर जवळजवळ हेच सांगितलं, "आंटी, दादांचा पास (म्हणजे खिंड) गेला असता." आणि शेवटी तो गेलाच, वर मध्यरात्रीचा घोडा.

पण उपाय करार न करणं हा नाही वाटत मला. करार नसता तर तो आमच्यासोबत फेदीला आलाच असता, सगळे येतात, आणि मग रात्री एक वाजता आम्ही एकमेकांची तोंडं बघितली असती. पोलिश बाईंचं विमान ठरलेलं, आम्ही आमच्या भाइचे पैसे देतोय, दादा वयस्कर. प्रत्येकाकडे एक चांगलं कारण होतं. रात्री एकला, हाडं गोठलेली असताना, कारणं फार पटकन सुचतात.

मग मधली वाट कोणती? आता विचार करते तर करारात एक कलम कमी होतं असं वाटतं. 'उतरायचं कुणी' हे ठरलं, 'थांबायचं कुणी' हे ठरलंच नाही. बरं नसेल त्याने एक दिवस थांबायचं, जोडीदाराने सोबत थांबायचं, यात कुणाची खिंड बुडत नाही, एक दिवस बुडतो. सगळ्यांनी हातात एक-दोन मोकळे दिवस ठेवले की हे सोपं होतं. तो मुलगा बंगळुरातून मोजून सुट्टी घेऊन आला होता, परतीचं विमान पक्कं. मला वाटतं खरा घोळ तिथे आहे.

एकटीच_निघाले

मी हेच सर्किट एकटीने केलंय, म्हणजे गाईड होता, टोळी नव्हती. मला टोळीचा जाचच वाटतो. सकाळी एकाचं आवरत नाही, दुसऱ्याला दर वळणाला फोटो. शिवाय कुणाच्या तरी वेगाने चालणं हे उंचीवर वाईटच. माझ्या गाईडचं एकच पालुपद होतं, "बिस्तारै, दिदी, बिस्तारै", म्हणजे हळूहळू. त्याचा ट्रेकिंगमधला अनुभव माझ्या वयाइतका. तो 'चला खाली' म्हणाला असता तर मी वाद घातला नसता, कारण त्यासाठीच तर त्याला पैसे देत होते.

मुद्दा हा की ओळख झाली म्हणून येणारी जबाबदारी आणि पैसे देऊन घेतलेली सोबत, यांत मला दुसरी जास्त प्रामाणिक वाटते. आणि २०२३ च्या एप्रिलपासून नेपाळने परदेशी ट्रेकरना संरक्षित भागात परवानाधारक गाईड सक्तीचा केलाय ना? दादा एकटे कसे गेले? चौकीवर अडवलं नाही?

अनवट

नाही अडवलं. परमिट बघितलं, शिक्का मारला, सोडलं. नियम आहे, अंमल चौकीगणिक वेगळा. कुणी यावर विसंबून जाऊ नये.

बाकी तुमचं पटतं, अर्धं. भाइ आमचा होता म्हणूनच आम्ही निवांत होतो. पण टोळीशिवाय मला फापराच्या पिठाची गरम भाकरी याकच्या चीजबरोबर खायची असते हे कळलं नसतं, ते पोलिश बाईंनी शोधून काढलं. (फापर म्हणजे आपला उपासाचा कुट्टू. मैत्रीण एकादशीला खाऊन पुण्य पदरात पाडून घेत होती.)

धुरळा

आता कसलं सर्किट आणि कसलं काय. मनांगपर्यंत जीप जाते, पलीकडे मुक्तिनाथपर्यंत बस. पूर्वी बेसीसहरपासून पायी निघायचे, तांदळाची खाचरं, मग पाइनची जंगलं, मग उघडे डोंगर असं हळूहळू बदलत जायचं. हल्ली लोक जीपने मनांग गाठतात आणि वर पळतात, मग डोकं दुखणार नाही तर काय.

अनवट

रस्ता झाल्याने मनांगच्या माणसाला आजारी आईला खाली नेता येतं, हेही आहे. आणि हुबळीचा मुलगा त्याच रस्त्याने सुखरूप गेला. पण जीपने चढण्याचा धोका तुम्ही म्हणता तो खरा. ज्यांना रस्ता टाळायचाय त्यांच्यासाठी पायवाटा वेगळ्या आखल्या आहेत, दगडांवर लाल-पांढऱ्या पट्ट्या. अप्पर पिसांग-ग्यारू-ङावलची वरची वाट तर रस्त्याच्या समोरच्या अंगाला आहे. धुळीचा पत्ता नाही.

ढगफुटी

धागा वाचून २०१४ आठवलं. त्या वर्षी १२ ऑक्टोबरला हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं. त्याचे अवशेष उत्तरेला सरकले आणि १४ तारखेला थोरोंग ला परिसरात प्रचंड बर्फ पडला. वादळ आणि हिमस्खलनांत मिळून त्या भागात किमान ४३ जण गेले, परदेशी ट्रेकर, नेपाळी गाईड, पोर्टर, गावकरी. ऑक्टोबर म्हणजे हमखास निरभ्र, हा तिथला सर्वांत भरवशाचा महिना, तरीही.

टोळीच्या चर्चेत हे का आणतोय? कारण 'ते निघाले म्हणून आपणही निघालो' हा टोळीचा दुसरा दुर्गुण. लॉजमधून पहिला माणूस डोक्याला विजेरी लावून बाहेर पडला की सगळे पडतात. हवामान कुणी बघितलं, हे कुणी विचारत नाही, प्रत्येकाला वाटतं पुढच्याने बघितलं असेल. बंगालच्या उपसागरात काही शिजत असेल तर मनांगला बसून राहा, हे इथे लिहून ठेवतो. खिंडीत साधारण दुपार होण्याआधीच वारा उठतो, म्हणून पहाटे निघतात, तेही घड्याळ म्हणून नाही, कारण समजून पाळावं.

पोष्टमन

+१. आपल्याकडे पावसाळ्यात नाळेत पाणी वाढल्यावरसुद्धा हेच होतं, पुढचा उतरला म्हणून मागचा उतरतो.

तिखटमीठ

अवांतर विचारतेय, धाग्याचं अपहरण वाटलं तर सांगा. आई-बाबांना घेऊन पुढच्या वर्षी फक्त मुक्तिनाथ करायचंय. पैसे कसे न्यायचे? कांदा-लसूण न खाणाऱ्यांचं काय? आणि पासपोर्ट लागतो का?

अनवट

अपहरण बिनधास्त करा.

पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, दोन्हींपैकी एक मूळ प्रत. विमानाने जाणार असाल तर आधारच्या भरवशावर निघू नका. व्हिसा लागत नाही. एका भारतीय रुपयाला १.६० नेपाळी, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे, त्यामुळे हिशेब सोपा. शंभरच्या आणि त्याखालच्या नोटा सगळीकडे चालतात, मोठ्यांच्या बाबतीत जाण्याआधी चालू नियम बघून घ्या. अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्राचं परमिट सार्क देशांतल्या लोकांना १,००० नेपाळी, इतरांना ३,०००.

कांदा-लसूण मुक्तिनाथला मंदिराच्या गावात सांगितलं तर टाळतात. आमच्या वाटेवर मात्र अवघड, तिथे लसणीचं सूप हे औषध समजतात. हाडाचा वैद्य यांना विचारू नका, ते चिडतील.

आई-बाबांचं वय काय? गाव सुमारे ३,८०० मीटरवर आहे. पोखराहून थेट एका दिवसात गाडीने वर नेऊन मुक्कामाला ठेवू नका. जोमसोम किंवा मार्फाला (२,७०० च्या आसपास) रात्र काढा, सकाळी वर जा, दर्शन घ्या, १०८ धारांखालून जायचंच असेल तर टॉवेल आणि कोरडे कपडे हाताशी ठेवा, आणि झोपायला परत खाली या. मार्फाची सफरचंदं घ्या. पोखरा-जोमसोम विमानं सकाळीच उडतात, पुढे कालीगंडकीच्या खोऱ्यात वारा सुटतो.

हाडाचा_वैद्य

चिडलो नाही. सूप प्या, पाणी पोटात जातंय. फक्त औषध म्हणू नका.

तिखटमीठ, त्यांना रक्तदाब किंवा फुप्फुसाचा काही त्रास असेल तर निघण्याआधी तपासणी कराच. खालून थेट गाडीने येणाऱ्या ज्येष्ठ यात्रेकरूंना तिथे त्रास होतो तो याचमुळे, चालत आलेल्यांना निदान सवय झालेली असते.

तिखटमीठ

खूप धन्यवाद दोघांनाही. मार्फाचं लगेच वहीत लिहिलं.

रांगडा

आमच्या कोल्हापूरच्या ग्रुपमधी याला लई सोपा नियम हाय. ज्यानं गोळी लपवली त्यानं उतरल्यावर समद्यांना तांबडा-पांढरा घालायचा. पोरानं अजून दादांना जेवाण घातलं का न्हाई?

मस्करी सोडा, पण त्या दादांना सलाम. मी असतो तर उतरलो असतो, पण पार फेदीपासून मनांगपर्यंत शिव्या घालत.

अनवट

@रांगडा, दादांनीही घातल्याच. मुलगा सांगत होता, घोड्यामागून अखंड बंगालीत काहीतरी चालू होतं, कळत नव्हतं तेच बरं.

आणि हो, त्यांना या धाग्याबद्दल कळवलं. सगळे प्रतिसाद हिंदीत करून सांगितले. कातळकडा यांचा 'सगळ्यांनी उतरायला हवं होतं' वाला त्यांना अजिबात आवडला नाही. म्हणाले, सहाजण उतरले असते तर मनांगच्या त्या एका खोलीत मीच आजारी पडलो असतो. पोष्टमन यांचं मात्र पटलं. पुढच्या वेळी वहीत 'थांबायचं कुणी' हेही लिहिणार आहेत.

पुढची वेळ म्हणजे येत्या एप्रिलात. हुबळीकर येतोय, त्याने यंदा मोकळे दिवस धरून सुट्टी टाकली आहे. आम्ही दोघी नाही, मैत्रिणीच्या गुडघ्यांनी नकार दिलाय. दादांना तिसरा आणि चौथा हवाय म्हणजे दोन जोड्या होतील. त्यांनी नाव घेऊन विचारलंय की ते 'सब को उतरना चाहिए था' वाले साहेब एप्रिलात मोकळे आहेत का.

रानभूल

:) :) कातळकडा, बोलावणं आलंय!

पोष्टमन

आता कळेल.

कातळकडा

एप्रिलमध्ये भाचीचं लग्न आहे, तारीख अजून निघायची आहे. ती कळली की सांगतो. तोवर दादांना विचारा, जोड्या ते पाडणार की चिठ्ठ्या टाकणार? त्या मुलाशी माझी जोडी लागणार असेल तर त्याच्या गोळ्यांचा डबा माझ्या सॅकमध्ये राहील.